तांब्याच्या जुन्या नाण्यांवरील रंग : स्वाभाविक कोणता, चढविलेला कोणता ?

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांपैकी पुष्कळांच्या देवघरात किंवा जुन्या पेटीच्या तळाशी तांब्याची काही नाणी सापडतात. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली एखादी शिवराई, होळकरांचे नंदीछाप नाणे, गायकवाडांचा नागरी अक्षरांचा पैसा, नाहीतर १८३५ चा कंपनी सरकारचा पाव आणा. अलीकडे अशा नाण्यांना चांगले मोल येऊ लागले आहे. आणि जेथे मोल येते तेथे लबाडीही येते. म्हणून नाण्यावरचा रंग कसा पारखावा, याची थोडी माहिती आपल्या सभासद बंधुभगिनींस असणे हिताचे होय.

प्रथम रंग येतो कसा ते पाहू. टाकसाळीतून निघालेले तांबे तांबूस-केशरी व तेजस्वी असते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर एक अतिशय पातळ थर बसू लागतो आणि नाणे हळूहळू तपकिरी होते. हवेत गंधकाचा अंश असल्यास ते काळपट होते. ओलावा व कर्बवायू यांच्या योगाने फार दिवसांनी हिरवा थर चढतो. त्यालाच आपण जंगाल म्हणतो. हे सारे अत्यंत सावकाश घडते. त्यामुळे हा थर धातूशी एकजीव झालेला असतो, आणि एका परीने तो आतील ठशाचे रक्षणच करतो.

आता आपल्याकडील रीत आठवा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाची नाणी चिंच-मिठाने लख्ख घासावयाची! यात भक्ती आहे, फसवणूक नाही. परंतु आंबटाने तो थर विरघळतो, त्याबरोबर धातूचा किंचित अंशही जातो, आणि नाणे फिकट गुलाबी व निस्तेज दिसू लागते. संग्राहक असे नाणे कमी किमतीचे मानतात. हीच उणीव झाकण्यासाठी लबाड विक्रेते त्यावर पुन्हा रंग चढवितात. गंधक आणि पोटॅश तापवून केलेल्या द्रावणात नाणे बुडविले की काही क्षणांत ते काळे-तपकिरी होते. कल्हईवाल्याजवळ असतो तो नवसागर लावून हिरवा रंग आणतात. कोणी विस्तवावर तापवितात, तर कोणी बुटाचे पॉलिश चोळतात.

पारख करण्यास दिवसाचा उजेड, एक चांगले भिंग आणि धीर एवढी सामग्री पुरे. पुढील पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, रंगाची वाटणी. हाताळलेल्या नाण्याचा उठावाचा भाग बोटांनी घासला जाऊन गुळगुळीत व काहीसा उजळ होतो; अक्षरांच्या कडेच्या खाचा गडद राहतात. झिजलेल्या नाण्यावर उंच-सखल सर्वत्र एकसारखा रंग दिसला, तर शंका घ्यावी.

दुसरी, ओरखडे. नाण्यावरील ओरखडे निरनिराळ्या काळी पडलेले असतात. जुना ओरखडा भोवतालच्या रंगात मिसळून जातो, नवा चमकतो. समांतर, बारीक असे घासल्याचे पुष्कळ ओरखडे असून ते सारे एकाच ताज्या रंगाखाली दडलेले दिसल्यास, नाणे आधी घासले आणि मग रंगविले असे समजावे.

तिसरी, पृष्ठभाग. आम्लाने खाल्लेले तांबे भिंगातून खरखरीत दिसते. स्वाभाविक तपकिरी रंगाखाली मऊ झळाळी असते. रंगविलेल्या नाण्यावर ती बहुधा मेलेली असते.

चौथी, किनार. रंगविणाऱ्याचे सारे लक्ष दोन बाजूंकडे असते. किनारीवर रंगाचा ओघळ किंवा मधेच उघडे गुलाबी तांबे दिसते का, ते पाहावे.

पाचवी, वास आणि पूस. नुकत्या रंगविलेल्या नाण्यास कधी गंधकाचा, कधी पॉलिशचा वास येतो. ॲसिटोनमध्ये भिजविलेला कापूस हलकेच लावल्यास मेण, वार्निश किंवा पॉलिश सुटून येते. मात्र हे काम मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे. गंधकाने आणलेला काळिमा या उपायाने सुटत नाही. म्हणून कापूस स्वच्छ राहिला एवढ्यावरून नाणे निर्दोष ठरत नाही.

हिरव्या रंगाविषयी दोन शब्द. जुने, खरे जंगाल कठीण असते आणि त्याच्या खाली पुष्कळदा तांबूस थर आढळतो. बनावट हिरवा रंग भुकटीसारखा असून दात कोरण्याच्या काडीनेही निघतो. पण येथे घाई नको. फिकट हिरवी भुकटी पुनःपुन्हा येत असेल, तर तो मिठातील क्लोराइडमुळे जडलेला रोगही असू शकतो. असे नाणे कोरड्या जागी, इतरांपासून वेगळे ठेवून जाणकारास दाखवावे.

कोणत्याही एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. तीन-चार खुणा एकाच दिशेने बोलू लागल्या म्हणजे मत बनवावे. शिवाय चढविलेला प्रत्येक रंग लबाडीचाच असतो असेही नाही. सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनशी घोटाळा होऊ नये म्हणून इंग्लंडच्या टाकसाळीने १८९७ पासून काही वर्षे फार्दिंगची नाणी स्वतःच काळी करून चलनात आणली होती. तसेच आपल्याकडील पाव आणा १९०६ च्या कायद्यानंतर तांब्याऐवजी काशाचा होऊ लागला. त्याचा रंग तांब्याहून निराळा दिसतो, म्हणून तो बनावट ठरत नाही.

शेवटी एक विनंती. घरातील जुनी नाणी यापुढे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नयेत. पूजेसाठी चालू नाणी वेगळी काढावीत. जुनी नाणी कडेने धरावीत, प्रत्येक नाणे स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावे, आणि ते कोणाकडून, केव्हा आले हे पाकिटावर लिहावे. शंभर वर्षांत चढलेला थर पाच मिनिटांत जातो, आणि तो परत आणण्याची विद्या कोणापाशीच नाही. आजोबा-पणजोबांच्या हातून फिरलेले नाणे आपण आहे तसे पुढील पिढीच्या हाती ठेवले, तर त्यांचा ठेवा आपण नीट सांभाळला असे होईल.