बवाज कोणाशी बोलला?

वाचन : रूथ 2:8-17

रूथ मवाबी, विधवा, परक्याच्या शेतात सरवा वेचणारी. बवाज तिच्याशी मायेने बोलला, हे आपल्याला पाठच आहे. पण तो आपल्या गड्यांशीही बोलला, बरं का. तिच्या अंगाला हात लावायचा नाही, तिला धमकवायचं नाही, उलट तिच्यासाठी मुद्दाम कणसं टाकायची. आणि गड्यांनी भरलेल्या भांड्यांतलंच पाणी प्यायला त्याने तिला सांगितलं!

या पाण्यापाशी मी अडले. आमच्या ऑफिसात सफाईच्या मावशींचा कप वेगळा असतो. त्यांना मी रोज हसून नमस्कार करते. सहकाऱ्यांना मात्र ‘असं का?’ म्हणून एकदाही विचारलं नाही. मावशींशी गोड बोलायला काय लागतं?

प्रभू, आज चहाच्या वेळी माझ्याच माणसांसमोर तोंड उघडायचा धीर दे. आमेन.