झाडाखाली गारवा का?

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या विद्यार्थी मित्रांनो, मार्चमधल्या एखाद्या रविवारी लोकलने शीवला जा आणि मिठी नदीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून या. सुमारे ३७ एकरांच्या या जागेवर पूर्वी मुंबईचा कचरा टाकत. तेथे झाडे लावून रान उभे केले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

पायवाटेवर शिरताच गारवा जाणवतो. तो केवळ सावलीचा असेल काय? मग पत्र्याच्या छपराखाली सावली असूनही का उकडते? उन्हाने पत्रा तापतो आणि त्याची उष्णता प्रारणाने खाली आपल्या अंगावर येते. पान मात्र तितके तापत नाही. मुळांनी शोषलेले पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन निघून जाते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. एक किलोग्रॅम पाण्याची अशी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलोवॅटची विजेची शेगडी ४० मिनिटांत देते तेवढी!

प्रयोग : अंगणातल्या झाडाची एक पानेदार डहाळी पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. शेजारी रिकामी पिशवीही तशीच बांधा. दोन तासांनी दोन्ही पिशव्या पाहा. थेंब कोठे दिसतात? नंतर झाडाखाली आणि पत्र्याखाली सारख्याच उंचीवर तापमापी टांगून तापमान वहीत नोंदवा. तापमापीवर ऊन पडू देऊ नका, नाहीतर फुगाच तापेल.

शाळेतले झाड तोडून सावलीला पत्रा घालावा, असे कोणी सुचवले, तर त्यांना ही वही जरूर दाखवा.