'तुंबाड' : रक्तपिपासू पिशाच्चाची कल्पना आणि मराठी भयकथेचा वारसा

रिचर्ड बर्टन याने १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा शीर्षकात वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हा शब्द योजला. वस्तुतः कथेतील वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात वास करतो आणि प्रश्न विचारतो. एका परंपरेतील भयरूप दुसऱ्या परंपरेच्या नावाने ओळखले गेले की त्याचा मूळ अर्थ झाकोळतो, याचे हे ठळक उदाहरण होय. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचा विचार करताना हे उदाहरण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

या चित्रपटातील हस्तर हा वरवर पाहता युरोपीय रक्तपिपासू पिशाच्चाचा सगोत्र वाटतो. तो बंदिस्त आहे, अतृप्त आहे, आणि त्याचा दंश झालेल्यास मरण येत नाही. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीत एक लक्षणीय प्रसंग आहे. ड्रॅक्युलावर सुऱ्याचा वार होतो तेव्हा त्याचा अंगरखा फाटून नोटा आणि सुवर्णनाणी खाली सांडतात. हस्तरच्या लंगोटातूनही सोन्याच्या मोहराच पडतात. साम्य मात्र येथेच संपते. ड्रॅक्युला माणसाचे रक्त शोषण्यासाठी लंडनला जातो. येथे माणूसच हस्तरच्या विवरात उतरतो. हस्तरला सोने मिळाले, पण अन्न नाकारले गेले. म्हणून कणकेची बाहुली हे त्याचे आमिष, आणि पिठाचे रिंगण हे त्याच्यापासूनचे संरक्षण. शोषणाची दिशाच अशी उलटली आहे. १९१८ पासून स्वातंत्र्यप्राप्तीपर्यंतच्या काळात विनायक या विवरावरच आपले ऐश्वर्य उभारतो. खरा पिपासू कोण, हा प्रश्न त्यामुळे चित्रपटाच्या केंद्रस्थानी येतो.

या कल्पनेचे मूळ मराठी साहित्यात आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'आजी' या कथेचा चित्रपटाच्या पूर्वार्धावर स्पष्ट ठसा आहे; ती कथाही स्टीफन किंगच्या कथेवर आधारलेली आहे. शीर्षकामागे श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीचे स्मरण आहे. कोकणातील वाडा, सरंजामी कुटुंब, अविरत पाऊस आणि कुलगुप्त ही सामग्री मराठी वाचकाला परिचित आहे. अमेरिकन कथेतील वृद्धा धारपांच्या हाती मराठी घरातील आजी झाली, आणि चित्रपटात ती साखळदंडाने बांधलेली, शापित अमरत्व भोगणारी स्त्री झाली. या प्रवासास केवळ अनुकरण म्हणता येणार नाही. प्रत्येक टप्प्यावर भयाला नवे सामाजिक कारण लाभले आहे.

चित्रपटाच्या स्वीकाराचा इतिहासही बोधप्रद आहे. २०१२ मध्ये झालेले चित्रीकरण समाधानकारक न वाटल्याने पटकथा पुन्हा लिहून २०१५ पर्यंत बराच भाग नव्याने चित्रित करण्यात आला. २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला तो भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटगृहांतील प्रतिसाद बेताचाच होता. पुढे छायाचित्रण, कलादिग्दर्शन व ध्वनिसंयोजन यांसाठी त्यास फिल्मफेअर पुरस्कार लाभले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुनःप्रदर्शन झाले, तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. प्रेक्षकवर्ग सहा वर्षांत हळूहळू घडत गेला, असे यावरून दिसते.

तथापि, जो मान चित्रपटाला मिळाला तो त्याच्या साहित्यिक पूर्वजाला मिळाला काय? धारपांची पुस्तके वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचली गेली. परंतु रंजनपर म्हणून समीक्षेने त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. भयकथा ही समाजाच्या दडपलेल्या वासनांची नोंद असते, हे 'तुंबाड'ने दाखवून दिले आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने म्हणूनच हस्तरला 'व्हॅम्पायर' हे आयते नाव देऊन थांबू नये. ज्या लोकप्रिय मराठी गद्यातून तो संभवला, त्याचे वाचन नव्याने करणे हे अधिक निकडीचे कार्य होय.