हायस्कूलच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी आणि शाळेचे जनरल रजिस्टर

महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी बारावीच्या निकालानंतर करावयाची असते, असा पालकांचा समज आढळतो. वस्तुतः अभ्यासाप्रमाणेच कागदपत्रांची तयारीही आठवीपासून झाली पाहिजे. पुरेसे गुण असूनही एका कागदावाचून प्रवेश हुकला, असे खेड्यांतील मुलांच्या बाबतीत घडते. त्या कागदाचे मूळ पुष्कळदा प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात असते. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी या विषयाकडे अवश्य लक्ष द्यावे.

अभियांत्रिकी, वैद्यक यांसारख्या अभ्यासक्रमांस राखीव जागेवर प्रवेश घेताना जातीच्या प्रमाणपत्राबरोबर जात-वैधता प्रमाणपत्रही लागते. पडताळणीत वडील, आजोबा, चुलते यांच्या जुन्या नोंदींना विशेष वजन असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या दिनांकांपूर्वीची जात व वास्तव्य दर्शविणारी नोंद शोधावी लागते. ज्या कुटुंबाच्या नावे जमीनच नव्हती, त्याच्याजवळ आजोबांच्या शाळाप्रवेशाची एक ओळ हाच कित्येकदा एकमेव लेखी पुरावा असतो. ते पान वाळवीने खाल्ले, तर नातवाची वाट अडते.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात :

१. शाळा सोडल्याचा दाखला देण्यापूर्वी नाव, आडनाव, जन्मतारीख व जात या नोंदी पालकांसमक्ष ताडून पाहाव्यात. मूल शाळेत असतानाच चूक आढळल्यास सक्षम शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने ती दुरुस्त करून घेता येते; पुढे ते काम फार अवघड होते. रजिस्टरात परस्पर खाडाखोड कदापि करू नये.

२. घरातील वडीलधाऱ्यांचे जुने दाखले आठवीच्या वर्षीच शोधण्यास पालकसभेत सांगावे. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल मागता येते. नोंद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. त्यास वेळ लागतो.

३. जुनी रजिस्टरे ओल व वाळवी यांपासून जपावीत, सुटी पाने शिवून घ्यावीत आणि उतारा मागणाऱ्या पालकास हेलपाटे घालावयास लावू नयेत.

शेतमजुराची मुलगी गुण मिळवील ते स्वतःच्या कष्टाने. वेळेवर मिळालेल्या एका उताऱ्याने तिचा प्रवेश निर्विघ्न झाला, तर गावच्या शाळेने आपले कर्तव्य पार पाडले, असे म्हणता येईल.