धूम्रपान सोडण्याची साधने आणि आमचा विद्यार्थिवर्ग

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांची मुले वा नातवंडे आज महाविद्यालयात शिकत आहेत. काही आपल्या संस्थेच्या वसतिगृहात राहतात. त्यांतील काहीजण सिगारेट ओढतात, हे उघड गुपित होय. तिचे दुष्परिणाम या मुलांस ठाऊक नाहीत असे नव्हे. पाकिटावरचे चित्र ती रोज पाहतात. पुष्कळांनी सोडण्याचा यत्नही केलेला असतो. परंतु त्यासाठी जी औषधी साधने मिळतात, त्यांच्याविषयी मुलांच्या मनात एक अढी आढळते. तिचाच येथे विचार करावयाचा आहे.

मुलांशी बोलू लागले की पहिले उत्तर ठरलेले येते : “मनात आणले की सुटते, त्याला औषध कशाला?” हे उत्तर ती आपल्याच घरात शिकलेली असतात. आपल्याकडे व्यसन म्हणजे शीलाचा प्रश्न. आईच्या गळ्याची शपथ घ्यावी, पाडव्याला संकल्प करावा आणि मनोनिग्रहाने पार पडावे, ही आपली रीत. दृष्टी मंदावलेल्यास मात्र ‘मन घट्ट कर म्हणजे दिसेल’ असे आपण म्हणत नाही. चष्मा आणून देतो.

वस्तुस्थिती अशी की, केवळ निर्धाराच्या बळावर सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात. धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूस पोहोचते, आणि मेंदूला त्या पुरवठ्याची सवय जडते. तो तुटला की चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, झोप बिघडते. निकोटीन धुरावाचून, संथपणे देऊन क्रमाक्रमाने कमी करावयाचे, हे च्युइंगगम, चोखावयाची गोळी व कातडीवर चिकटवावयाची पट्टी यांचे काम. त्यांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. दीडपट म्हणजे काही जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे; जोडीला समुपदेशन असल्यास फळ अधिक मिळते. याखेरीज व्हॅरेनिक्लीन व ब्युप्रोपिऑन ही औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची.

दुसरी शंका अधिक विचारी मुले काढतात : एक व्यसन जाऊन दुसरे लागले तर? या च्युइंगगमचा उगम स्वीडनमधला. पाणबुडीवरील खलाशांना आत धूम्रपानाची मनाई, तेव्हा ते तोंडात तंबाखू धरून भागवीत. हे पाहून लुंड येथील डॉक्टर क्लास लुंडग्रेन यांनी १९६७ साली औषधशास्त्रज्ञ ओवे फेर्नो यांस कल्पना सुचविली, व १९७८ साली स्वित्झर्लंडने त्या च्युइंगगमला प्रथम मान्यता दिली. सवय निकोटीनची लागते, परंतु कर्करोगास मुख्यतः कारण होतात ती धुरातील इतर द्रव्ये. च्युइंगगममधून निकोटीन हळूहळू व कमी प्रमाणात मिळते. म्हणून त्याची चटक सिगारेटइतकी लागत नाही, आणि साधारण तीन महिन्यांत ते बंद करता येते.

“वापरून पाहिले, उपयोग नाही,” असे म्हणणाराने बहुधा ते साध्या च्युइंगगमसारखे भराभर चघळलेले असते. मग घसा जळजळतो, उचकी लागते. खरी रीत अशी : चव तिखट लागेतो सावकाश चावावे, मग गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावे, चव गेली की पुन्हा चावावे. आधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी वा सोडा घेऊ नये. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढणारास ४ मिलिग्रॅमचे लागते, इतरांस २ मिलिग्रॅमचे पुरते. दिवसाला एखाददुसरी ओढणारास मात्र बहुधा औषधापेक्षा सल्ल्याचीच गरज असते. त्याकरिता १८००-११-२३५६ हा सरकारी विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. २०१८ पासून तो पाकिटावरच छापला जातो.

ई-सिगारेटने सुटते, असेही काहीजण सांगतात. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने तिच्या विक्रीस बंदी आहे, तेव्हा जी मिळते तिच्यात काय भरले आहे याची हमी कोण देणार?

एक अडचण मात्र मुलांनी सांगितल्यावाचून आम्हांस सुचलीच नसती. नाक्यावरच्या गल्ल्यावर सुटी सिगारेट कोणी न विचारता देतो; पण औषधाच्या दुकानात च्युइंगगम मागावे, तर दुकानदार वडिलांच्या ओळखीचा! मुलींस तर हा संकोच दुप्पट. लपून ओढणे सोपे आणि उघडपणे सोडणे अवघड, अशी ही स्थिती आपणच आणली आहे.

“नोकरी लागली की सोडू” हे उत्तर राहिले. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या सवयींची नोंद १९५१ पासून पन्नास वर्षे ठेवण्यात आली. तिच्यावरून २००४ साली दिसले की जन्मभर ओढणाराचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते; तिसाव्या वर्षी सोडणाराची ती जवळजवळ सर्व वाचतात, साठाव्या वर्षी सोडणाराची तीनच.

आरंभ सुटीत घरी करावा असे आईबापांस वाटते. आम्हांस ते पटत नाही. घरी मित्र नसतात, रात्रीची चहाची लारी नसते. सुटी संपताच ती सारी पुन्हा भेटतात व संकल्प तेथेच मोडतो. सत्र सुरू होऊन दोन आठवडे झाले की, परीक्षा दूर असताना, वसतिगृहातच आरंभ करावा. पहिला आठवडा सर्वांत कठीण. त्रास दोन ते चार आठवडे राहतो. त्या दिवसांत मुलगा फोनवर तुटक बोलला, तर कारण विचारीत बसू नये.