शिसवी शब्दामागे हिंडताना

एका कथेचा अनुवाद करताना नायिकेच्या केसांसाठी ‘एबन’ शब्द आला. एबनी या काळ्या लाकडाचं इंग्रजी कवितेतलं हे जुनं रूप. मी बेधडक ‘शिसवी केस’ लिहिलं, पण ते कानाला खटकत राहिलं. मग महिनाभर त्या शब्दामागे हिंडले. हाती लागलं ते असं.

१. कोशाआधी लाकडाला हात लावावा.
आमच्या सुतारकाकांनी शिसवाच्या फळीवर रंधा फिरवला. आत काळं लाकूड नव्हतंच. जांभळट तपकिरी रंग आणि त्यात काळ्या रेघा. “तेलाचा हात लागून लागून काळं होतं ते,” काका म्हणाले. आजीचा पाट काळाभोर का, ते तेव्हा कळलं.

२. घरच्या शब्दाचंही कूळ विचारावं.
शिसव आला संस्कृत ‘शिंशपा’वरून. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतेला हनुमान ज्या झाडावर दडून पाहतो, ते शिंशपाच. ‘शिसवी देह’ म्हणताना मराठी माणूस रंगासोबत घट्टपणा आणि तुकतुकीही सांगतो. केसांना हा शब्द का सोसला नाही, याचं उत्तर इथे मिळालं.

३. शब्द मालाबरोबर फिरतो.
एबनीचं मूळ प्राचीन इजिप्तच्या भाषेत. तिथून ग्रीक ‘एबेनोस’, लॅटिन ‘एबेनुस’ आणि पुढे इंग्रजी. पूर्वेकडे फारसीत तोच ‘आबनूस’ झाला आणि आपल्याकडे पोचला. सुमारे ३,५०० वर्षांपूर्वी राणी हत्शेप्सुतच्या गलबतांनी पुंत देशाहून जो माल आणला, त्यात हे लाकूडही होतं.

४. नाव टिकतं, झाड बदलतं.
इजिप्तमधलं ते लाकूड प्रामुख्यानं आफ्रिकेतल्या डाल्बर्जिया मेलॅनोझायलॉनचं, म्हणजे आपल्या शिसवाच्या भाऊबंदाचं. आज खरं एबनी मानतात ते डायोस्पायरॉस गटातलं, म्हणजे टेंभुर्णीच्या गोतातलं. विड्यांना पानं पुरवणाऱ्या आपल्या टेंभुर्णीचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. मेलॅनोझायलॉनचा ग्रीक अर्थच ‘काळं लाकूड’. आबनुसाची सख्खी नातलग आपल्याच रानात उभी होती आणि मी तिला फक्त विडीच्या पानांवरून ओळखत होते.

अनुवादात शेवटी साधं ‘काळेभोर केस’ ठेवलं. ‘शिसवी’ हा शब्द लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: घरात जुना शिसवी पाट किंवा देव्हारा असेल, तर आधी त्यावरून हात फिरवा आणि मग लिहा.