तप्त वाफेचा पाइप : निवड आणि पारख

अनसिंगच्या शिवारात विहिरीवरचा पंप सुरू होतो, तेव्हा त्या विजेमागे बहुधा वाफेच्या बळावर फिरणारे एखादे टर्बाइन असते. वाशीम जिल्हा १९९८ पर्यंत ज्याचा भाग होता, त्या अकोला जिल्ह्यात पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन औष्णिक संच आहेत. अशा संचात टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची, तर तिचा दाब वातावरणाच्या सुमारे दीडशेपट असतो. ती वाहून नेणाऱ्या पाइपाशेजारी माणसे काम करीत असतात. म्हणून त्याची निवड हा केवळ खरेदीचा प्रश्न नव्हे.

साधे कार्बन पोलाद सुमारे ४२५ अंशांपलीकडे दीर्घकाळ टिकत नाही. सतत उष्णता व दाब सोसताना ते वर्षानुवर्षे अत्यंत मंद गतीने ताणले जाते; यास विसर्पण म्हणतात. शिवाय त्यातील कार्बन विलग होऊन ग्रॅफाइट बनतो आणि धातू ठिसूळ होतो. १९४३ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगडेल वीजकेंद्रात वाफेचा पाइप याच कारणाने सांध्याजवळ फुटला. त्या पोलादात मॉलिब्डेनम होते, परंतु क्रोमियम नव्हते.

मॉलिब्डेनम विसर्पणास विरोध करते. क्रोमियम गंज रोखते व कार्बनला बांधून ठेवते. म्हणून ५४० अंशांच्या वाफेसाठी सव्वादोन टक्के क्रोमियम व एक टक्का मॉलिब्डेनम असलेले पोलाद दीर्घकाळ वापरात आहे. त्याहून अधिक तापमानास नऊ टक्के क्रोमियमचे पोलाद घेतात. त्याची जाडी कमी चालते. मात्र जोडकाम काटेकोर लागते. सांधण्यापूर्वी पाइप सुमारे २०० अंशांपर्यंत तापवितात आणि नंतर सांधा सुमारे ७५० अंशांवर ठरावीक वेळ ठेवून सावकाश निववितात. यात कसूर झाल्यास सांधा दिसण्यात निर्दोष, पण आतून दुबळा राहतो.

साधा व मिश्र पोलादाचा पाइप डोळ्यांनी ओळखता येत नाही. यास्तव पाइपावर उमटविलेला ओतणीचा क्रमांक कारखान्याच्या प्रमाणपत्राशी ताडावा आणि धातूचे घटक जागेवरच उपकरणाने तपासावेत. पाइप कापताना तो क्रमांक उरलेल्या तुकड्यावरही पुन्हा उमटवावा. अन्यथा भांडारातील निनावी तुकडा भलत्याच जागी बसण्याचा धोका असतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी वा संधाता होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी हे अवश्य सांगावे. निविदा तपासणाऱ्यांनीही सर्वांत कमी दराआधी तापमान, दाब आणि पोलादाची प्रत पाहावी.